माप माझ्या हातानं

४ जानेवारी

ताई,

पार्सल मिळालं. आधी कितीतरी वेळ कापडावर नुसता हात फिरवत बसले. असलं तलम कापड आमच्या दुकानात रोज रोज येत नाही. सोबत मापासाठी म्हणून चिऊचा जुना ब्लाउज होता आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठीत 'तू कशी आहेस' नाही, 'आई कशी आहे' नाही. चिऊचं लग्न ठरलंय, लग्नाचा ड्रेस तूच शिव, तुझ्यासारखा हात इकडे कुणाचा नाही, कुरियरनं पाठव, आणि आतल्या बाजूला दुकानाच्या नावाची पट्टी लावू नकोस. संपलं. सरकारी खात्यातूनसुद्धा याहून मायेची पत्रं येतात.

आईला म्हटलं, चिऊचं लग्न ठरलंय. ती माझ्या शेजारी बसून काजं करत होती. सुई न थांबवता म्हणाली, "मला बोलावलंय का?"

मी म्हटलं, "तू तर वारलीस ना."

"हो गं, विसरलेच. मग मेलेल्या बाईच्या चहात साखर जरा जास्त घाल, आता काय होणार आहे."

आम्ही दोघी हसलो. तुला वाटत असेल, आम्ही तुझ्या आठवणीनं डोळ्याला पदर लावून बसतो. तसं काही नाही. तू तुझ्या सासरी, कॉलनीत, अगदी पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलंस की आई-वडील लहानपणीच गेले आणि मागं कुणी उरलं नाही. बाबा खरंच गेले, तेव्हा अर्धं तरी खरं बोललीस. भाऊजींना सगळं माहीत आहे आणि तेही मूग गिळून आहेत. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं तर पाकिटावरचं आपलं आडनाव कुणी वाचेल, ही भीती मी तुझ्या वतीनं अजून बाळगते आहे.

आता कामाचं. कापड ठेवून घेतलंय, पण त्याला कात्री लावलेली नाही. माझ्या दुकानात जुन्या कपड्यावरून माप घेत नाहीत. बाई समोर उभी राहते, हात वर करते आणि टेप माझ्या हातानं तिच्या अंगाभोवती फिरते. हा दुकानाचा नियम आहे आणि तो सगळ्यांना आहे.

तुला मास्तरांचं दुकान आठवतं का? तू कॉलेजात होतीस आणि मी तिथं मशीनवर बसायला लागले होते. मास्तर माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हात सोन्याचा आहे तुझा. फक्त गिऱ्हाइकाला लावू नकोस." पडद्याच्या आत बाई स्वतःच टेप गुंडाळायची, आकडा ओरडून सांगायची आणि मी पडद्याबाहेर स्टुलावर बसून लिहून घ्यायची. आता टेप बाईच्याच हातात दिल्यावर काय होणार? पोट आत ओढायचं, श्वास रोखायचा, टेप आवळायची आणि असा आकडा सांगायचा की शाळकरी पोरगी लाजेल. त्या आकड्यावर शिवलेला ब्लाउज अंगात चढायचा नाही, मग शिव्या मला. "यांच्या हाताला वळण कुठून असणार?" वळण होतं गं हाताला. हातच लावू देत नव्हत्या.

मग मी शहाणी झाले. कोण किती फेकते याचा अंदाज बांधला. मुख्याध्यापिकाबाई थोडंसं लपवायच्या, बँकेतली बाई बरंच, आणि कापडवाल्या शेठाची बायको तर निम्मी कंबर घरी ठेवून यायची. मी प्रत्येकीच्या आकड्यात तिचं खोटं मिळवायची आणि ब्लाउज चपखल बसायचे. मास्तर खूश. म्हणाले, "बघ, काही अडतं का?"

अडलं ते पुढं. ते तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते. जिला माझ्या हाताचा विटाळ होता, त्याच बाईचा नवरा, तो शेठ, मास्तर जेवायला गेले की कापडाचे नमुने दाखवायला यायचा. मागची बोळकांडी अरुंद. त्याचा हात माझ्या पाठीवर आला. त्याच्या हाताला मात्र कसलाच विटाळ नव्हता. मी त्या हातावर कात्रीचं टोक टेकवलं आणि म्हटलं, "शेठ, ही कापडाची आहे, पण चामडंही कापते." तो गेला. संध्याकाळी मास्तरांनी मलाच जायला सांगितलं. दलित बाईचं असंच असतं, ताई. तिला हात लावायचा नाही हा नियम दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. बोळकांडीत तो कुणी पाळत नाही.

त्यानंतर मी स्वतःचं दुकान टाकलं आणि दोन्ही नियम उलटे केले. मी सगळ्यांना हात लावते. मला विचारल्याशिवाय कुणी लावत नाही.

तेव्हा चिऊला पाठव. गिऱ्हाईक म्हणून पाठव. मी तिची कोण हे तोंडातून काढणार नाही, आईसुद्धा काढणार नाही. शब्द देते. पण माप माझ्या हातानं.

तुझी धाकटी


१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं. मला ताठा आहे, मला बहिणीपेक्षा दुकानाची पाटी प्यारी आहे, पोरीच्या सुखात मी काटे पेरतेय. वाचून बरं वाटलं. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याशी भांडलीस. शुभेच्छांच्या कार्डापेक्षा हे कितीतरी आपलं वाटलं.

पाटीचं म्हणतेस तर सांगते. नुसतं 'लेडीज टेलर' लिहिलं असतं तर चाललं असतं, आडनाव कशाला एवढ्या ठळक अक्षरांत, असं तुझं म्हणणं. रंगारीही हेच म्हणाला होता. "बाई, नाव घाला, आडनाव राहू द्या, धंदा करायचाय ना?" मी त्याला म्हटलं, आडनाव आधी रंगव, रंग उरला तर नाव घाल.

तू विचारलंस, लोक पाटी वाचून परत जातात का. जातात. रस्त्याच्या पलीकडून बघतात, ओठ हलतात, पाय थांबतात, आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं करून पुढं जातात. मला आता चेहऱ्यावरूनच कळतं. कोपऱ्यावरची डॉक्टरीणबाई तर आत आली होती. पर्समधून स्वतःची टेप काढली. मी म्हटलं, "बाई, ती ठेवा. तुम्ही पेशंटची नाडी त्याच्याच हातानं बघता का?" तिला राग आला. गेली ती गेली. गोष्टींमध्ये अशा बाया पुढं परत येतात आणि माफी मागतात. ही आली नाही. समोरून जाते आणि औषधांच्या दुकानाकडे बघत जाते.

पण ज्या येतात त्या येतात. दवाखान्यातल्या नर्सा येतात, तिकीट खिडकीवरची मुलगी येते, दोन गल्ल्या सोडून राहणारी, नवऱ्याला घराबाहेर काढलेली वकीलबाई येते. हात वर करून उभ्या राहतात आणि माप देता देता घरचं सगळं सांगून टाकतात. त्यांच्या जिवावर दुकान चाललंय. थाटात नाही, पण चाललंय.

आता मला जे म्हणायचंय ते. तू भित्री म्हणून गेलीस असं मी कधीच धरलं नाही. मला ती खोली आठवते. नोकरी लागल्यावर तू आणि मी खोली शोधत हिंडत होतो. पहिल्या घरमालकिणीनं नळ दाखवला, खिडकी दाखवली, मग आडनाव विचारलं आणि तिला आठवलं की तिचा भाचा यायचाय. दुसरीलाही भाचाच आठवला. त्या गल्लीत भाच्यांची लाटच आली होती. तिसऱ्या दारात तू माझ्याकडे न बघता दुसरंच आडनाव सांगितलंस. किल्ली लगेच मिळाली. तुझ्या मुठीत ती किल्ली होती आणि तू इतकी थकलेली दिसत होतीस की मी काही बोलले नाही. मला वाटलं, खोलीपुरतं आहे. तुलाही तसंच वाटलं असेल. पण मग खोलीनंतर नोकरी, नोकरीनंतर भाऊजी, भाऊजींनंतर कॉलनी, आणि प्रत्येक दाराला तीच किल्ली. शेवटी आईला पुरावं लागलं.

माझा राग तुझ्यापेक्षा त्या घरमालकिणीवर जास्त आहे. पण तिचा पत्ता माझ्याकडे नाही, तुझा आहे. म्हणून तुला लिहिते.

चिऊ पुढच्या शनिवारी येईल असं तू लिहिलंस. 'एका ओळखीच्या शिंपिणीकडे' असं तिला सांगितलंयस म्हणे. चालेल. आईनं आत्तापासून चष्मा पुसून ठेवलाय. तिला बजावलंय, रडायचं नाही. ती म्हणते, "मेलेली माणसं कुठं रडतात?" आता हा विनोद तिनं थांबवला तर बरं.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

कापड कुरियरनं परत पाठवलंय, या पत्राच्या आधी पोचेल. घडी मोडलेली नाही.

चिऊ आली होती. सोबत तिची होणारी सासू होती. हे तू मला सांगितलं नव्हतंस. कदाचित तुलाही माहीत नसेल.

बाई रिक्षातून उतरल्या, वर बघितलं, पाटी वाचली. ओठ हलले. मी दारातच उभी होते. ताई, त्या बाई चांगल्या होत्या गं. हसतमुख, गोड बोलणाऱ्या. तोंडावर अपमान करणारी असती तर सोपं गेलं असतं, तशांसाठी माझ्याकडे उत्तरं तयार असतात. या आत आल्या, आईला नमस्कार केला, दुकान नीटनेटकं आहे म्हणाल्या. मी टेप घेऊन चिऊजवळ गेले तेव्हा मध्ये आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आम्ही मानत नाही हो असलं काही. पण लग्नाचं कापड, शुभकार्य... तुम्ही समजून घ्याल. माप मीच घेते, तुम्ही लांबून सांगा."

मी म्हटलं, "इथं माप मी घेते."

त्यांनी चिऊकडे बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, पोरगी शिकलेली आहे, आजकालची आहे, हसून म्हणेल, घेऊ द्या की त्यांना. चिऊ हसलीसुद्धा. तुझंच हसू आहे, डावा गाल आधी हलतो. आणि म्हणाली, "टेप तेवढी टेबलावर ठेवा ना, मी घेते."

टेबलावर. हातात नको, टेबलावर. आणि तो 'ना' इतका लाडिक होता की काय सांगू.

मी शब्द दिला होता. तोंडाशी आलं होतं, 'अगं, मी तुझी मावशी. तू चार महिन्यांची असताना तुझे बाबा गावाला गेले होते आणि तू तापानं फणफणलीस, तेव्हा ज्या हातांवर रात्र काढलीस ते हे हात.' गिळलं. म्हटलं, "मग इथं ड्रेस होणार नाही." कापड मी टेबलावर ठेवलं. तेवढं मात्र त्यांच्याच पद्धतीनं केलं.

चिऊला वाईट वाटलं असावं. जाताना आईजवळ थांबली, तिच्या मांडीवरचा सदरा बघून म्हणाली, "आजी, तुम्ही काजं हातानं करता?" आई म्हणाली, "हो बाळ." नातीचं आणि आजीचं एवढंच बोलणं झालं. दोघी गेल्या, कापड टेबलावरच राहिलं.

मी रडले नाही असं लिहिणार होते. रडले. मागच्या बोळात जाऊन, नळ सोडून. परत आले तर आई दोरा ओवत होती. म्हणाली, "तिचा डावा खांदा उतरता आहे, ताईसारखा. जो कुणी शिवेल त्याला सांग, तिथं पातळ पॅड घालायला." मग सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत काही नव्हतं गं. आपल्या घरचं माणूस असं परकं कधी बघितलं नव्हतं." त्यानंतर दिवसभरात तो मेल्याचा विनोदही केला नाही. मीच थांबवायला सांगितलं होतं, आणि आता मला तो हवा होता.

तू म्हणशील, मी तिला असलं काही शिकवलं नाही. खरं आहे. तू तिला जातीतलं 'ज'सुद्धा शिकवलं नसशील. तू फक्त आपली जात लपवलीस. मग घरात रिकाम्या राहिलेल्या त्या जागेत कॉलनीची जात येऊन बसली, शेजाऱ्यांची, मैत्रिणींची, होणाऱ्या सासूची. तुला वाटलं, तू पोरीला या सगळ्यातून सोडवलंस. तू तिला टेबलाच्या पलीकडं नेऊन उभी केलीस, एवढंच. आणि अलीकडं कोण आहे? मी, आई, आणि तूही, ताई. तुझ्या हातचं ती रोज खाते, कारण तिला माहीत नाही.

मी शब्द पाळला. तिला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. ते काम माझं नाही. नऊ महिने पोटात तू वाढवलीस, तूच सांग. आणि सांगणार नसशील तर यापुढं मला चिठ्ठ्या, कापड, कार्ड काही पाठवू नकोस. मी कुणाची ओळखीची शिंपीण नाही.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

तू सांगितलंस. हे तुझ्या पत्राआधीच मला कळलं, कारण काल सकाळी ऐन गर्दीच्या वेळी चिऊ दुकानाच्या पायऱ्या चढून आली. एकटीच. कापड छातीशी धरलेलं. बाकावर दोन नर्सा आणि वकीलबाई बसलेल्या. तिनं सगळ्यांच्या देखत हाक मारली, "मावशी."

मी लगेच विरघळले नाही. म्हटलं, "नंबर लाव. यांच्यानंतर तू."

ती बसली. बाकाच्या टोकाला, रडत. वकीलबाईनं रुमाल दिला आणि डोळ्यांनी मला विचारलं, कोण गं? मी म्हटलं, "माझी भाची. लग्न आहे तिचं." किती सोपं वाक्य आहे ताई. जिभेला कुठंही टोचलं नाही.

तिचा नंबर आला. हात वर करून उभी राहिली. म्हणाली, "मावशी, मी त्या दिवशी तसं का केलं मलाच कळत नाही."

"मला कळतं," मी म्हटलं. "श्वास सोड. पोट आत ओढू नकोस. इथं खरं माप लागतं."

मग मी तिचं माप घेतलं. छाती, कंबर, पाठ, बाहीची उंची. आई उठून जवळ आली आणि त्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, मला टेप फिरवायला जागाच देईना. चिऊनं तिला मिठी मारली. आईनं मारू दिली. मग म्हणाली, "बास आता, काम करू दे तिला," आणि चष्मा काढून पुसत राहिली.

मी चिऊला विचारलं, ड्रेस कुणी शिवला असं सासूबाईंनी विचारलं तर? म्हणाली, "सांगेन." मी म्हटलं, आणि मावशी कुठल्या जातीची असं विचारलं तर? म्हणाली, "तेही सांगेन. आणि त्यांना नाही पटलं तर..." वाक्य तिथंच राहिलं. मी ते तिच्याकडून पुरं करून घेतलं नाही. ते तिचं तिलाच पुरं करावं लागेल, आणि लग्नाआधी केलेलं बरं.

आता तुझ्या पत्राबद्दल. चिऊ दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही, मग रात्रभर बोलत बसली, आणि तुला इतक्या वर्षांनी झोप लागली असं लिहिलंस. ते वाचून मी थोडा वेळ मशीन बंद ठेवलं. मला तुझी आठवण येते, ताई. खूप येते. रागानं लिहिते म्हणून येत नाही असं समजू नकोस.

पण पुढच्याच परिच्छेदात तू परत कॉलनीत गेलीस. लग्न होईपर्यंत थांबा. ड्रेसची ट्रायल तुझ्या मैत्रिणीच्या घरी करू, तिथं दुपारी कुणी नसतं. लग्नात आई आली तर 'लांबची आत्या' म्हणून ओळख करून देऊ. वारलेल्या बाईला लांबची आत्या केलंस, म्हणजे बढतीच झाली की! आईला वाचून दाखवलं. ती हसली नाही.

मैत्रिणीच्या घरी मी येणार नाही. ट्रायल तुझ्या घरी होईल, हे काल चिऊसमोरच ठरलंय. पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाइकासाठी मी दुकान सोडून जातेय. रविवारी, सकाळच्या उन्हात, सगळी कॉलनी गाड्या धूत असते आणि गॅलरीत चहा पीत असते तेव्हा. मी आणि आई, दोघी. मागचं दार, जिना, अंधार पडल्यावर, असलं काही नाही. ड्रेस माझ्या हातावर असेल, झाकलेला नसेल, आणि आत दुकानाच्या नावाची पट्टी शिवलेली असेल. भाऊजींना सांग, बोलायचं असेल तर त्या दिवशी बोला, नसेल तर खुर्च्या तेवढ्या मांडा.

हे पत्र तुला घाबरवायला लिहीत नाही. तुला तयारीला वेळ मिळावा म्हणून लिहिते. तू नको म्हणालीस तरी आम्ही येणार आहोत. माझं एकटीचं असतं तर तुझ्या विनवणीला कदाचित मी भुलले असते. पण हे आईचं आहे. तिनं चपला घासून ठेवल्यात.

काल निघताना चिऊ म्हणाली, "आजी, बेल वाजवा, दार मी उघडीन."

आई म्हणाली, "तू आत बस. मी माझ्या लेकीकडे येतेय. ती उघडेल."

मी विचारलं, "आणि नाही उघडलं तर?"

"पायरीवर बसेन," आई म्हणाली. "येणारा-जाणारा विचारेलच, आजी, तुम्ही कुणाच्या? मग सांगेन."

तुझी धाकटी